सॉरी म्हणजे माफी नव्हे: एका इंग्रजी शब्दाचा अर्थ, मूळ आणि रोजचा वापर

बाबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या मावसभावाच्या बायकोचा न्यू जर्सीहून फोन आला. ती तिकडचीच, मराठीतले चार-सहा शब्द तेवढे येतात. मावशींशी बोलायचंय म्हणाली म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, "आय अ‍ॅम सो सॉरी, मावशी." आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सॉरी म्हणतेय ती." त्यावर आई म्हणाली, "अगं, तिला म्हणावं तुझं काय चुकलं? तू कशाला माफी मागतेस?" मी तेच वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग ती पुन्हा तेच चार शब्द म्हणाली, आणखी हळू आवाजात.

मी संध्याकाळच्या वर्गात मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते. परिचारिका, गाडी चालवणारे, मुलं मोठी झाल्यावर नोकरीला लागलेल्या बायका अशी सगळी मंडळी वर्गात असतात. 'सॉरी' हा शब्द त्यांना शिकवावा लागत नाही, तो त्यांना आधीच येतो. आपल्या घरातलं दोन वर्षांचं पोरही "शॉली" म्हणतं. पण त्या दिवशी मला कळलं की आपल्याला जो 'सॉरी' येतो तो इंग्रजीतल्या शब्दाचा एक कोपरा आहे, आणि तो कोपरा म्हणजेच सगळा शब्द असं धरून आपण चालतो. तेव्हापासून मी हा शब्द वर्गात पहिल्यापासून शिकवते. ज्या क्रमानं शिकवते त्याच क्रमानं इथे लिहिते आहे.

पहिली पायरी: शब्दाचं मूळ हातात घ्या

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण हजार-बाराशे वर्षांपूर्वी, 'सार' असा एक शब्द होता. त्याचा अर्थ दुखणं, वेदना. आजचा 'सोअर' तो हाच: 'सोअर थ्रोट' म्हणजे दुखरा घसा, 'सोअर लेग्ज' म्हणजे चालून चालून दुखणारे पाय. त्या काळचे कितीतरी 'आ' पुढे 'ओ'कडे वळले. 'स्तान'चा 'स्टोन' झाला, 'हाम'चा 'होम' झाला, 'बान'चा 'बोन' झाला, तसाच 'सार'चा 'सोअर'. स्कॉटलंडमध्ये अजूनही 'सेअर' म्हणतात.

या 'सार'ला 'इग' हा प्रत्यय लागून 'सारिग' झाला. आपण रागापासून रागीट करतो, दुःखापासून दुःखी करतो, तसाच हा प्रकार. 'सारिग' म्हणजे ज्याला दुखतंय तो. हा 'सारिग' झिजत झिजत 'सॉरी' झाला.

इथे थांबून एक गैरसमज काढून टाकावा लागतो, कारण चांगलं इंग्रजी येणारेही त्यात अडकतात. 'सॉरो' म्हणजे दुःख, म्हणून 'सॉरी' हा 'सॉरो'पासून आला असेल असं वाटतं. तसं नाही. 'सॉरो' हा 'सोर्ग' या वेगळ्या मुळाचा शब्द आहे. जर्मन भाषेत काळजीला 'झोर्गं' म्हणतात, तो त्याचा भाऊ. 'सॉरी'चा जर्मन नातेवाईक शोधायचा तर 'झेअर' हा शब्द धरायचा. आज त्याचा अर्थ 'खूप' एवढाच उरलाय, पण पूर्वी तो 'दुखेल इतकं' असा होता. दोन शब्द शेजारी शेजारी राहिले, अर्थही जवळचे, त्यामुळे 'सॉरो'ची सावली 'सॉरी'वर पडली. घराणी मात्र दोन वेगळी.

हे मूळ कशासाठी पाहायचं? 'सॉरी'च्या मुळात चूक नाही, अपराध नाही, समोरच्याकडे काही मागणंही नाही. आहे ते फक्त बोलणाऱ्याचं दुखणं. "आय अ‍ॅम सॉरी" म्हणजे, अगदी मुळाशी जाऊन, "मला दुखतंय." हे एक वाक्य पक्कं धरलं की या शब्दाचे पुढचे सगळे उपयोग आपोआप जागेवर बसतात. न्यू जर्सीहून आलेला तो फोनही.

इतर भाषांनीही हीच वाट धरलेली दिसते. स्पॅनिश माणूस 'लो सिएंतो' म्हणतो, म्हणजे 'मला ते जाणवतंय'. जर्मन म्हणतो की मला याचं दुःख होतंय. फ्रेंच माणूस स्वतःला उजाड झालेला म्हणवतो.

एकटा 'सॉरी' सुटा उच्चारायची पद्धत तुलनेनं नवी आहे. पूर्ण वाक्याचं काम एकाच शब्दावर भागवणं एकोणिसाव्या शतकात रुळलं. सॅम्युएल जॉन्सननं १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश काढला, त्यात 'सॉरी'विषयी त्यानं नोंदवून ठेवलंय की हा शब्द बहुधा लहानसहान त्रासासाठी वापरतात, कधी मोठ्या गोष्टीसाठीही, पण त्यातून फार काळ टिकणारं दुःख सूचित होत नाही. पावणेतीनशे वर्षांनीही हे निरीक्षण किती अचूक आहे! बसमध्ये धक्का लागला तर आपण जो 'सॉरी' टाकतो त्याचं वय अडीच सेकंद असतं.

दुसरी पायरी: आपले शब्द शेजारी ठेवून पाहा

'सॉरी'चं मराठी काय, असं विचारलं की वर्गात एकच उत्तर येतं: माफ करा. मग मी फळ्यावर 'कर्जमाफी' लिहिते. फीमाफी, करमाफी, शिक्षेतली माफी हे शब्दही त्याखाली येतात. 'माफ' हा अरबीतून आलेला शब्द, त्याचा अर्थ सूट मिळालेला, मोकळा केलेला. तेव्हा "माफ करा" म्हणणारा माणूस सांगत असतो की तुमचं माझ्याकडे देणं आहे, ते सोडून द्या. हा सगळा हिशेबाचा, देण्याघेण्याचा व्यवहार आहे. यात बोलणारा ऋणको असतो आणि समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं.

'क्षमा' संस्कृत. 'क्षम्' म्हणजे सोसणं, सहन करणं. पृथ्वी सगळं सोसते म्हणून तिचं एक नावच क्षमा. "क्षमा करा" म्हणजे माझं वागणं तुम्ही सोसा. इथेही भार समोरच्यावर.

आणि मग 'दिलगीर'. हा फारसी शब्द, 'दिल' म्हणजे मन आणि 'गीर' म्हणजे धरणारा, पकडणारा. ज्याचं मन आवळलं गेलंय तो दिलगीर. बखरींत आणि जुन्या पत्रांत 'दिलगीर झाले' असं येतं तेव्हा कोणी माफी मागत नसतं. माणूस खिन्न झालेला असतो, इतकंच. 'सॉरी'च्या सगळ्यात जवळचा मराठी शब्द हा आहे, आणि रोजच्या बोलण्यातून तो जवळजवळ गेला याचं मला वाईट वाटतं. आता तो रेल्वे फलाटावरच्या घोषणेत आणि पुढाऱ्यांच्या निवेदनात उरलाय. पण तिथे त्याचा फरक अजून शाबूत आहे. "दिलगिरी व्यक्त केली, पण माफी मागितली नाही" अशी बातमी आपण वाचतो आणि त्यातला भेद आपल्याला लगेच कळतो. 'सॉरी' आणि 'अपॉलॉजी' यांच्यात नेमका तोच भेद आहे.

बोली मराठीत याहून सोपी जोड हवी असेल तर ती "वाईट वाटलं" ही. 'सॉरी' ऐकला की आधी मनात "वाईट वाटतंय" म्हणून पाहायचं. अर्थ जुळला तर तिथे माफीचा संबंध नाही. नाही जुळला तर मग "चुकलं माझं" लावून पाहायचं. वर्गात मी ही दोन वाक्यं फळ्याच्या दोन टोकांना लिहून ठेवते आणि तास संपेपर्यंत पुसत नाही.

जाता जाता: आपल्याकडे एक 'सॉरी' बिनशब्दांचा आहे. कुणाला चुकून पाय लागला की आपण त्या माणसाला हात लावतो आणि तोच हात आपल्या छातीला किंवा कपाळाला नेतो. पुस्तकाला पाय लागला तरी तेच. परदेशी माणसाला हे दिसतं पण कळत नाही, तेव्हा त्याच्यासाठी तोंडानंही 'सॉरी' म्हणावा. आणि हिशेबाच्या, पत्राच्या तळाशी 'चू. भू. द्या. घ्या.' लिहिणारी आपली भाषा आहे. चूक होण्याआधीच तिची सोय करून ठेवण्याची ही पद्धत मला फार आवडते.

तिसरी पायरी: वाक्यात शब्द कुठे बसतो

मराठीत शिरताना 'सॉरी' नाम झाला. आपण "सॉरी म्हण", "सॉरी बोललो", "एक सॉरी तरी म्हणायचं" असं म्हणतो. इंग्रजीत तो विशेषण आहे, 'हॅपी', 'टायर्ड', 'हंग्री' यांच्या रांगेतला. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यानं आपल्या नेहमीच्या चुका होतात.

"आय टोल्ड हिम सॉरी" हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते. "मी त्याला सॉरी सांगितलं" हे मराठी त्याच्या खाली दडलेलं आहे. बरोबर वाक्य "आय सेड सॉरी टू हिम" किंवा "आय टोल्ड हिम आय वॉज सॉरी". 'से'बरोबर 'सॉरी' थेट चालतो, 'टेल'बरोबर चालत नाही. तसंच "आय सॉरी" नाही, "आय अ‍ॅम सॉरी". आणि "व्हेरी व्हेरी सॉरी"पेक्षा "सो सॉरी" किंवा "रिअली सॉरी" कानाला बरं लागतं.

पुढे काय जोडायचं याचे चार रस्ते आहेत.

'सॉरी फॉर' आणि पुढे झालेली गोष्ट: "सॉरी फॉर शाउटिंग", "सॉरी फॉर द डिले". स्वतःच्या हातून घडलेल्या कृतीला हा रस्ता चांगला.

'सॉरी अबाउट' आणि पुढे प्रसंग किंवा वस्तू: "सॉरी अबाउट द नॉइज", "सॉरी अबाउट यस्टरडे". हा थोडा सैल, घरगुती. शेजाऱ्याशी बोलताना हाच बरा.

'सॉरी टू' आणि पुढे क्रियापद: "सॉरी टू डिस्टर्ब यू", "सॉरी टू कीप यू वेटिंग", "सॉरी टू हिअर दॅट". त्रास आत्ता देतोय, किंवा बातमी आत्ता कानावर आली, असा हा वर्तमानातला रस्ता. दार वाजवून आत डोकावताना "सॉरी टू डिस्टर्ब", आणि काम आटोपून निघताना "सॉरी फॉर डिस्टर्बिंग यू". हा बारकावा सांभाळणारा माणूस मुलाखतीत लगेच उठून दिसतो.

चौथा रस्ता म्हणजे 'सॉरी'नंतर सरळ पूर्ण वाक्य: "आय अ‍ॅम सॉरी आय मिस्ड युअर कॉल." बोलताना सगळ्यात सोपा हाच, कारण शब्दयोगी अव्ययाची चिंताच उरत नाही. अडखळायला झालं की हा वापरा.

एक सापळा मात्र ध्यानात ठेवा. 'सॉरी फॉर'नंतर माणूस आला तर अर्थ पालटतो. "आय फील सॉरी फॉर हिम" म्हणजे मला त्याची कीव येते, दया येते. "मी त्याच्या वतीनं माफी मागतो" असा अर्थ तिथे मुळीच नाही. माझ्या वर्गातल्या एका परिचारिकेनं रुग्णाच्या मुलाला "आय अ‍ॅम सॉरी फॉर यू" म्हटलं. तिला म्हणायचं होतं की तुमच्या दुःखात मी आहे. त्याला ते वरून टाकलेली दया वाटलं आणि तो दुखावला. तिथे "आय अ‍ॅम सॉरी फॉर युअर लॉस" किंवा नुसतं "आय अ‍ॅम सो सॉरी" हवं होतं.

चौथी पायरी: माफीशी संबंध नसलेले 'सॉरी' ओळखा

सगळ्यात महत्त्वाचा तो दुःखाचा. कुणी गेलं, कुणाची नोकरी गेली, कुणाचा गर्भपात झाला, कुणाचा घटस्फोट झाला: या सगळ्या ठिकाणी इंग्रजी माणूस 'सॉरी' म्हणतो. चूक कुणाचीच नसते. तो सांगतो की तुमच्या दुखण्यानं मलाही दुखलं. आपण अशा वेळी "फार वाईट झालं" म्हणतो किंवा नुसता हात धरून बसतो.

ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी लोकांच्या इंग्रजीत तर मृत्यूनंतरच्या शोकविधींना 'सॉरी बिझनेस' असंच म्हणतात. त्याच देशात हा शब्द राजकारणाच्या मध्यभागी आला. मूळनिवासी मुलांना सरकारनं पिढ्यान्‌पिढ्या आईबापांपासून तोडून नेलं होतं. त्याचा चौकशी अहवाल १९९७ साली संसदेपुढे आला. २६ मे १९९८ पासून 'सॉरी डे' पाळायला सुरुवात झाली. १९९९ साली तेव्हाच्या पंतप्रधानांनी, जॉन हॉवर्ड यांनी, संसदेत 'रिग्रेट' म्हणजे खेद व्यक्त करणारा ठराव आणला, पण 'सॉरी' हा शब्द त्यात येऊ दिला नाही. २८ मे २००० रोजी सिडनीच्या हार्बर पुलावरून माणसांचा लोंढा चालत गेला आणि वर आकाशात विमानानं धुराच्या अक्षरांत तो शब्द लिहिला. अखेर १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत उभं राहून 'वी से सॉरी' हे शब्द उच्चारले. एका विशेषणासाठी लोक दहा वर्षं थांबले होते. माझ्या वर्गात हे सांगितलं की "शब्दानं काय होतं?" असं म्हणणारे गप्प होतात.

बाकीचे उपयोग हलके आहेत. शेवटी सूर चढवून म्हटलेला "सॉरी?" म्हणजे "काय म्हणालात?" फोनवर नीट ऐकू आलं नाही तर "व्हॉट?" म्हणू नका, ते "काय?" असं खेकसल्यासारखं लागतं. बोलता बोलता स्वतःचं वाक्य दुरुस्त करायचं तर "ऑन मंडे, सॉरी, ट्यूजडे." नकार द्यायचा किंवा मत वेगळं मांडायचं तर "सॉरी, बट आय डोन्ट अ‍ॅग्री", आपल्या "माफ करा, पण मला पटत नाही"शी हा तंतोतंत जुळतो. गर्दीतून वाट काढताना इंग्लंडमध्ये 'सॉरी' म्हणतात. अमेरिकेत वाट मागताना 'एक्सक्यूज मी' आणि धक्का लागून गेल्यावर 'सॉरी' असा क्रम जास्त ऐकू येतो. इंग्लंडमध्ये तर ज्याच्या पायावर पाय पडला तोही 'सॉरी' म्हणतो. ते ऐकून गोंधळू नका आणि त्यानं चूक कबूल केली असंही समजू नका.

"यू विल बी सॉरी" ही धमकी आहे, पस्तावशील अशी. "बेटर सेफ दॅन सॉरी" म्हणजे नंतर हळहळण्यापेक्षा आधी जपलेलं बरं. आणि 'सॉरी' थेट नामाच्या आधी आला तर त्याचा अर्थ केविलवाणा, दयनीय: 'अ सॉरी स्टेट' म्हणजे दैना, 'अ सॉरी एक्सक्यूज' म्हणजे लंगडी सबब. इथेही मूळचं दुखणंच आहे, फक्त ते आता पाहणाऱ्याला होतं.

पाचवी पायरी: खरोखर चुकलं असेल तेव्हा

आता 'सॉरी'ची अवघड बाजू. हा शब्द "मला दुखतंय" एवढंच सांगतो, म्हणून चूक झाली असताना तो एकटा पुरत नाही. आणि तो एकटा पुरत नाही म्हणूनच त्याच्या आड लपताही येतं.

१ एप्रिल २००१ रोजी दक्षिण चिनी समुद्रावर अमेरिकी नौदलाचं टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान एकमेकांवर आदळलं. चिनी वैमानिक वांग वेई मृत्युमुखी पडला. मोडकं अमेरिकी विमान परवानगीविना चीनच्या हायनान बेटावर उतरलं आणि त्यातले २४ जण चीनच्या ताब्यात गेले. चीन म्हणे माफी मागा. अमेरिका म्हणे आमची चूक नाही. ११ एप्रिलला अमेरिकी राजदूताच्या सहीचं एक पत्र गेलं. त्यात 'व्हेरी सॉरी' हे शब्द दोनदा होते, एकदा वैमानिकाच्या मृत्यूबद्दल आणि एकदा परवानगीविना उतरल्याबद्दल. माणसं सुटली. चीननं आपल्या जनतेला सांगितलं की अमेरिकेनं माफी मागितली. अमेरिका सांगत राहिली की आम्ही फक्त दुःख व्यक्त केलं. आपापल्या भाषेत दोघांनीही तोच कागद वाचला होता! एका शब्दात दोन अर्थ राहतात म्हणून २४ जण घरी गेले.

आपल्या जवळचं उदाहरण जालियनवाला बागेचं. हत्याकांडाला शंभर वर्षं व्हायला तीन दिवस उरले असताना, १० एप्रिल २०१९ रोजी, पंतप्रधान थेरेसा मे ब्रिटिश संसदेत म्हणाल्या की जे घडलं त्याचा आम्हाला तीव्र 'रिग्रेट' आहे. विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांनी तिथल्या तिथे स्पष्ट 'अपॉलॉजी'ची मागणी केली. ती मिळाली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी, अमृतसरला आले. आपण सरकारच्या वतीनं बोलू शकत नाही, असं त्यांनी सांगितलं. स्वतःपुरतं 'सॉरी' म्हणाले आणि स्मारकापुढे जमिनीवर पालथे पडले, आपल्या साष्टांग नमस्कारासारखे. 'रिग्रेट', 'सॉरी', 'अपॉलॉजी' या तीन पायऱ्या एकाच घटनेभोवती इतक्या स्पष्ट क्वचित दिसतात. पहिल्या शब्दात माणूस दूर उभा असतो, दुसऱ्यात त्याला दुखतं, तिसऱ्यात तो जबाबदारी घेतो.

'अपॉलॉजी'चा स्वतःचा प्रवासही उलटा आहे. ग्रीक 'अपोलोगिया' म्हणजे न्यायालयात केलेलं बचावाचं भाषण. इंग्रजीतही आधी तोच अर्थ होता. स्वतःचा बचाव करण्याच्या शब्दापासून स्वतःची चूक कबूल करण्याच्या शब्दापर्यंत तो पोचला. आज औपचारिक पत्रात "आय अपॉलॉजाइज" लिहिलं की जबाबदारी घेतल्याचं समजतात. 'सॉरी'चं तसं नाही, आणि कायद्यालाही ते माहीत आहे. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं २००६ साली आणि ऑंटारिओनं २००९ साली कायदा केला की कुणी 'सॉरी' म्हटलं किंवा माफी मागितली तर दिवाणी दाव्यात तो दोषाचा कबुलीजबाब धरायचा नाही. अपघातानंतर माणसं वकिलाच्या भीतीनं तोंड मिटून उभी राहू नयेत, हा त्यामागचा विचार. मला तो फार माणुसकीचा वाटतो.

तुमच्या-माझ्या कामात याचा उपयोग कसा करायचा? माझी एक विद्यार्थिनी चाकणजवळच्या एका कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं बघते. तिनं एकदा परदेशातल्या ग्राहकाला जुनं, चुकीच्या रकमेचं इन्व्हॉइस पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिनं लिहिलेला ईमेल असा होता: "सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स कॉज्ड. ड्यू टू सम इश्यू राँग इन्व्हॉइस वॉज सेंट. काइंडली एक्सक्यूज अँड डू द नीडफुल." आम्ही तो वर्गात एकेक वाक्य उलगडून पाहिला. कुणी पाठवलं? वाक्यात कुणीच नाही. काय अडचण होती? 'सम इश्यू', म्हणजे आपल्या सरकारी फलकावरचं 'काही कारणास्तव'. आता पुढे काय करायचं? ते ग्राहकावरच सोडलेलं. नम्र शब्द सगळे होते, पण त्यांच्यामागे माणूसच नव्हता.

मग तिनं तो पुन्हा लिहिला: "आय अ‍ॅम सॉरी. आय सेंट यू द राँग इन्व्हॉइस यस्टरडे. द करेक्ट वन इज अटॅच्ड. आय हॅव इन्फॉर्म्ड युअर कस्टम्स एजंट टू." चार वाक्यं. पहिल्यात दुःख, दुसऱ्यात 'आय'नं सुरू होणारी चुकीची कबुली, तिसऱ्या-चौथ्यात दुरुस्ती. 'काइंडली एक्सक्यूज' गेलं तरी काही बिघडलं नाही. ग्राहकाचं उत्तर तासाभरात आलं: 'थँक्स, ऑल गुड.'

ओहायो स्टेट विद्यापीठातल्या रॉय लेविकी यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला २०१६ सालचा एक अभ्यास याला पुष्टी देतो. माफीचे सहा भाग पाडून त्यांनी लोकांना विचारलं की कशानं समाधान होतं. "चूक माझी" ही कबुली सगळ्यात मोलाची ठरली, त्याखाली "मी हे दुरुस्त करतो". सगळ्यात कमी महत्त्व मिळालं ते "मला क्षमा करा" या विनंतीला. म्हणजे आपण मराठीतून जे वाक्य उचलून आधी मांडतो, त्याचंच वजन तिथे सर्वांत कमी भरतं.

दोन शब्द मात्र काढून टाका: 'इफ' आणि 'बट'. "आय अ‍ॅम सॉरी इफ यू वेअर हर्ट", म्हणजे "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर". वाटलं आहे हे समोर दिसत असताना 'असेल तर' कशाला? "आय अ‍ॅम सॉरी, बट ट्रॅफिक..." यात 'बट'च्या पुढचं सगळं ऐकू येतं आणि मागचं पुसलं जातं. कारण सांगायचंच असेल तर ते वेगळ्या वाक्यात, शेवटी, आणि कुणी विचारलं तर. "आय अ‍ॅम सॉरी यू फील दॅट वे" हे तर वापरूच नका. त्यात दुखणं बोलणाऱ्याचं राहतच नाही, ते समोरच्याच्या माथी मारलेलं असतं.

सहावी पायरी: उच्चार, सूर आणि उत्तर

उच्चाराची चिंता फार नको. आपला 'सॉरी' ब्रिटिश उच्चाराच्या जवळ आहे. अमेरिकन तोंडी तो 'साऽरी'कडे झुकतो, कॅनडात 'सोऽरी'कडे. सूर मात्र सांभाळावा लागतो. आरशासमोर तीनदा म्हणून पाहा: शेवट वर नेऊन, म्हणजे ऐकू आलं नाही, पटकन आणि सपाट, म्हणजे धक्का लागला, पहिलं अक्षर ओढून खाली आणत, म्हणजे मनापासून. ओढ जरा जास्त झाली की ते टोमणा मारल्यासारखं लागतं, एवढं जपा.

उत्तर काय द्यायचं हे पुस्तकात क्वचित असतं, म्हणून सांगते. धक्का, उशीर, छोटी चूक यांवर "नो प्रॉब्लेम", "डोन्ट वरी" किंवा "दॅट्स ओके". मोठ्या चुकीवर "इट्स ओके" म्हणायलाच हवं असं नाही. मनात राग असेल तर "थँक यू फॉर सेइंग दॅट" म्हणावं. माफी ऐकली एवढंच त्यात येतं, दिली असं होत नाही. आणि दुःखात कुणी "आय अ‍ॅम सॉरी" म्हणालं तर उत्तर एकच: "थँक यू." तिथे "इट्स ओके" नाही आणि "इट्स नॉट युअर फॉल्ट" तर नाहीच.

हे शेवटचं मी वर्गात सांगायला लागण्याआधी घरी सांगितलं. आई पोळ्या लाटत होती. 'सॉरी' म्हणजे 'मला दुखतंय', असं म्हटल्यावर ती लाटणं हातात तसंच धरून थांबली आणि म्हणाली, "मग त्या पोरीला मी काय बोलून बसले गं?"

बाबांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी न्यू जर्सीहून पुन्हा फोन आला. तिकडे रात्र होती. ती पुन्हा तेच म्हणाली. आईनं या वेळी माझ्याकडे पाहिलं नाही. "थँक यू, बाळ," ती म्हणाली, आणि मग मराठीतच विचारलं, "जेवलीस का?"